‘टेबल’ : मांडणे की बाजूला ठेवणे?

‘टेबल’ या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन ‘टॅब्युला’, म्हणजे फळी. मेज, तक्ता, पाढे हे त्याचे अर्थ सहज उमगतात. फसवे आहे ते क्रियापद. ब्रिटनमध्ये प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे तो चर्चेसाठी मांडणे, तर अमेरिकेत तो तूर्त बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात उभय देशांच्या सेनाधिकाऱ्यांत या शब्दावरून बराच वेळ वाद झाला. वास्तविक दोन्ही पक्षांना एकच गोष्ट हवी होती, असे चर्चिल यांनी आपल्या युद्धस्मृतींत नमूद केले आहे. आपल्याकडील ‘कागदपत्रे सभागृहाच्या पटलावर ठेवणे’ हा प्रयोग अर्थातच ब्रिटिश वळणाचा. तोच अर्थ मनात धरून न्यूयॉर्कच्या बैठकीत बोलणारा मराठी माणूस नकळत स्वतःचाच प्रस्ताव लांबणीवर टाकतो. तेथे ‘प्रपोझ’ म्हणावे.