घरात कापूस भरलाय? मग मुलांना आगीबद्दल काय शिकवायचं?

कापसाचे भाव पडले की जळगाव-धुळ्यात बरेच शेतकरी कापूस विकत नाहीत, घरात भरून ठेवतात. बैठकीच्या खोलीत छतापर्यंत ढीग लागतो. त्याच घरात मुलं झोपतात, अभ्यास करतात, कापसावर उड्याही मारतात. अंगाला खाज सुटते ही तक्रार घरोघरी ऐकू येते, आगीचा विषय मात्र क्वचितच निघतो.

कापसाची आग वेगळी का असते?

कापूस वरून भुरकन पेटतो आणि आत अडकलेल्या हवेवर तासन्‌तास धुमसत राहतो. पाणी टाकल्यावर ज्वाळा दिसेनाशा झाल्या, तरी आग विझलेली असेलच असं नाही. याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबईतलं आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गाठी धुमसू लागल्या. जहाजात स्फोटकंही होती. बराच वेळ पाणी मारूनही आग आटोक्यात आली नाही आणि चारच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. अग्निशमन दलाच्या ६६ जवानांचा जीव गेला. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

जिथे जवानांचं चाललं नाही, तिथे आठ वर्षांच्या मुलाने तांब्याभर पाणी घेऊन धावू नये. त्याने बाहेर पळायचं आणि ओरडून सगळ्यांना सांगायचं.

मुलं लपतात, तेव्हा?

घाबरलेलं मूल पळण्याऐवजी खाटेखाली किंवा कोपऱ्यात लपतं. काडी त्यानेच ओढली असेल तर हमखास, कारण आगीपेक्षा माराची भीती जास्त. म्हणून आजच सांगून ठेवा: तुझ्या हातून आग लागली तरी कुणी मारणार नाही, फक्त लगेच सांग. (आणि हा शब्द पाळा. एकदा मोडला की पुढच्या वेळी ते लपणारच.)

बाहेर जमायची एक जागा ठरवा. समोरचा लिंब, हातपंप, काहीही. एकदा रात्री दिवे बंद करून सराव करा. धूर वर जमतो, म्हणून खाली वाकून, रांगत निघायचं. कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं. भाजल्यावर २० मिनिटं वाहतं साधं पाणी, टूथपेस्ट नाही.

मागच्या दारापुढे ढीग लावला असेल तर आधी ते दार मोकळं करा. ढिगाजवळ मोबाइल चार्जिंग, उदबत्ती, बिडी नको.

फोनवर काय सांगायचं?

१०१ किंवा ११२ लावायचा. गावाबरोबर तालुकाही पाठ करून घ्या. पिंप्री, वडगाव नावाची गावं एका जिल्ह्यात अनेक आहेत आणि बंब बहुतेकदा तालुक्याच्या गावाहून निघतो.