हे वाढणार का? : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

बाबांना किराणा आणायला पाठवले की दोन जिन्नस राहून जातात. सकाळी सांगितलेली हकीकत ते अर्ध्या तासाने पुन्हा तितक्याच उत्साहाने सांगतात. पण पेन्शनचा हिशेब चोख आहे, रोजचे वर्तमानपत्र वाचून होते, औषधे वेळेवर घेतली जातात. तपासणीनंतर डॉक्टर फायलीवर ‘एमसीआय’ लिहितात, म्हणजे माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. वयाच्या मानाने स्मरण कमी झाले आहे, पण डिमेन्शिया म्हणावा इतके रोजचे जगणे अडलेले नाही, अशी ही मधली अवस्था. घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : हे वाढणार का? या प्रश्नाभोवती गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एक अख्खे अभ्यासक्षेत्र उभे राहिले आहे. मानसशास्त्राचा विद्यार्थी, न्यूरॉलॉजी शिकणारा निवासी डॉक्टर, संख्याशास्त्राकडून आरोग्याकडे वळलेला कुणी किंवा घरात असा एक माणूस असलेला जिज्ञासू वाचक, कुणीही इथे यावे. काम पुष्कळ आहे.

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत आपण म्हातारपणीचा विसर हसण्यावारी नेला. वैद्यकाने निदान प्रश्न तरी विचारला. 1962 मध्ये कॅनडातील मानसोपचारतज्ज्ञ व्ही. ए. क्राल यांनी वृद्धांच्या विसरण्यात सौम्य आणि घातक असा भेद केला. 1999 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन आणि सहकाऱ्यांनी एमसीआय असलेल्या 76 जणांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांच्यापैकी दरवर्षी सुमारे 12 टक्के लोक डिमेन्शियाकडे गेले. निरोगी वृद्धांत हे प्रमाण एक-दोन टक्के असते. या आकड्याने क्षेत्राला गती दिली आणि थोडी दिशाभूलही केली. बारा गुणिले आठ केले की जवळपास शंभर होतात, तेव्हा आठ वर्षांत सगळेच जाणार, असा हिशेब अनेकांनी मनातल्या मनात मांडला.

तसे होत नाही. 2009 मध्ये मिचेल आणि शिरी-फेश्की यांनी 41 दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले. तज्ज्ञांच्या दवाखान्यांत वार्षिक प्रमाण 9.6 टक्के निघाले आणि लोकवस्तीत जाऊन शोधलेल्या लोकांत 4.9 टक्के. दहा वर्षे उलटली तरी बहुतेकांना डिमेन्शिया झालेला नव्हता. काही जण तर पुढच्या तपासणीत पूर्ववत आढळतात. बी-12ची कमतरता, मंदावलेला थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या किंवा लघवीच्या तक्रारीवरच्या काही गोळ्या, कमी ऐकू येणे यांपैकी काहीतरी मागे असते आणि ते सुधारता येते. कधी परीक्षेचा तो दिवसच वाईट असतो. अर्थात पूर्ववत झालेल्यांची जोखीमही इतरांपेक्षा जास्तच राहते, म्हणून त्यांना यादीतून वगळू नये.

मग कोण पुढे जाईल, हे कशावरून ओळखायचे? नव्या विद्यार्थ्याने सुरुवात यंत्रापासून करू नये, स्मरणाच्या चाचणीपासून करावी. पंधरा शब्द वाचून दाखवायचे, आठवतील तेवढे म्हणून घ्यायचे, असे पाच वेळा. मध्ये दुसरी यादी घालून गोंधळ उडवायचा आणि वीस-तीस मिनिटांनी, पुन्हा न वाचता, पहिली यादी विचारायची. इथे दोन प्रकारची माणसे भेटतात. त्यांच्यातला फरक दुसऱ्या एका चाचणीत कळतो. तिच्यात शब्द शिकवतानाच ‘वांगे, ही एक भाजी’ अशी खूण दिलेली असते. नंतर ‘एक भाजी होती’ म्हटल्यावर पहिला लगेच ‘वांगे’ म्हणतो. त्याच्या डोक्यात शब्द होता, हाताला लागत नव्हता. दुसरा खूण दिल्यावरही कोरा राहतो किंवा यादीत नसलेले ‘दोडके’ सांगतो. तिथे शब्द साठवलाच गेलेला नाही, आणि अल्झायमरची शंका बळावते. साठवणीचे काम करणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग आक्रसल्याचे अशा वेळी एमआरआयमध्ये पुष्कळदा दिसते.

यापुढचे पुरावे रसायनांचे. मेंदूत साठलेले अमायलॉइड पेट स्कॅनमध्ये दिसते, पाठीच्या कण्यातल्या द्रवात अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिने मोजता येतात. आता टाऊच्या रक्तात सापडणाऱ्या पी-टाऊ217 या रूपावरूनही बरेच कळते. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर आधारित पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली. एपीओई जनुकाचा ई4 हा प्रकार जोखीम वाढवतो, हे 1993 पासून माहीत आहे. तरीही प्रथिने म्हणजे आजार नव्हे. अमेरिकेतल्या ख्रिस्ती जोगिणींच्या प्रसिद्ध अभ्यासात सिस्टर मेरी 101व्या वर्षी वारल्या. मृत्यूआधीच्या चाचण्यांत त्यांचे गुण उत्तम होते आणि मेंदूत मात्र अल्झायमरच्या खुणा भरपूर सापडल्या.

आता थोडा हिशेब, कारण बहुतेक नवखे इथेच फसतात. समजा एक चाचणी पुढे जाणाऱ्यांपैकी 80 टक्के पकडते आणि न जाणाऱ्यांपैकी 80 टक्के बरोबर सोडते. ऐकायला छान. दवाखान्यात एमसीआयचे शंभर जण आले, त्यांतले दहा वर्षभरात पुढे जाणार आहेत. चाचणी दहांपैकी आठ पकडेल आणि उरलेल्या नव्वदांपैकी अठरांवर चुकीचा शिक्का मारेल. म्हणजे ‘पुढे जाणार’ म्हटलेल्या सव्वीस जणांत खरे आठच. लोकवस्तीत, जिथे शंभरात पाचच पुढे जातात, तिथे तेवीसमध्ये खरे चारच. उलट, दवाखान्यात ‘नाही’ म्हटलेल्या चौऱ्याहत्तर जणांत चूक फक्त दोघांची. या चाचणीचा खरा उपयोग धीर देण्यासाठी आहे. पण बातमी नेहमी पकडलेल्यांची होते.

त्यात मशीन लर्निंगची भर पडली आहे. या विषयावरचे असंख्य शोधनिबंध एकाच साठ्यावर उभे आहेत : अमेरिका आणि कॅनडात 2004 साली सुरू झालेला ‘अ‍ॅडनी’ हा प्रकल्प. त्याची माहिती जगभरच्या संशोधकांना खुली आहे, हे त्याचे मोठे ऋण. पण त्यातली माणसे बहुतांशी गोरी, भरपूर शिकलेली, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार फारसा नसलेली. उच्च रक्तदाब आणि मधुमेह घेऊन आलेल्या, चौथीत शाळा सुटलेल्या बाईंचे भविष्य त्यावरून सांगणे धाडसाचे आहे. कुणी नव्वदीपार अचूकतेचा दावा केला, तर आधी विचारावे की एकाच व्यक्तीचे स्कॅन शिकवणीत आणि परीक्षेतही आले होते का. दुसरा प्रश्न मृत्यूचा. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस डिमेन्शियाआधी हृदयविकाराने जाऊ शकतो. हे गणितात धरले नाही तर जोखीम फुगते.

आपल्याकडची अडचण आणखी आधीच्या टप्प्यावरची, म्हणजे मोजण्यातलीच. ज्याने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, त्याला घड्याळाचे चित्र काढायला सांगून काय कळणार? हरियाणातील बल्लभगड भागातल्या वृद्धांसाठी 1990च्या दशकात हिंदी मानसिक चाचणी आणि रोजच्या व्यवहारांची प्रश्नावली तयार झाली, ती मला आजही आदर्श वाटते. जेवलो हे विसरतात का, गावात वाट चुकतात का, होळी-दिवाळी लक्षात राहते का, दिलेला निरोप पोहोचवतात का, असे प्रश्न घरच्यांना विचारले जातात. मात्र एकत्र कुटुंबात सून सगळेच हातात आणून देत असेल, तर सासूबाईंचे काय अडले आहे, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. तिथे खोदून विचारावे लागते : शेवटचा स्वयंपाक त्यांनी एकटीने कधी केला?

हे सारे का करायचे? कारण अंदाजावर निर्णय अवलंबून असतात. लेकॅनेमॅबसारखी औषधे सुरुवातीच्या टप्प्यातच द्यायची असतात. लेकॅनेमॅबच्या मुख्य चाचणीत 18 महिन्यांत ऱ्हासाचा वेग 27 टक्क्यांनी कमी दिसला, पण मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोकाही आढळला. रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि श्रवणयंत्र लावणे कुणालाही करता येते. मृत्युपत्र, जमिनीचे कागद, बँकेतले वारस माणूस स्वतः ठरवू शकतो तोवर मार्गी लागतात. पण ‘वाढणार’ हा शब्द घरात शिरला की दुसऱ्याच दिवशी चेकबुक काढून घेतले जाते, हेही खरे. म्हणून अंदाज सांगताना मुदत सांगावी, शक्यता आकड्यात सांगावी आणि तो आकडा कोणत्या माणसांवरून आला हेही सांगावे.

देशात साठीपुढच्यांत डिमेन्शियाचे प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोक, असा ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय अभ्यासाचा अंदाज आहे. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरात ग्रामीण लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास चालू आहे. मराठी मुलखात हे काम हाती घेणाऱ्यांना एकच विनंती : मॉडेल कितीही साधे असू द्या, पण आज तपासलेल्या माणसांना पाच वर्षांनी पुन्हा शोधून काढा, आणि जे सापडणार नाहीत त्यांचे काय झाले तेही नोंदवा.