मेंदूतलं कडं आणि पलटणीचा एक्स-रे

आज लढाई नाही, किल्लाही नाही. आज फिल्म वाचण्याची गोष्ट आहे, पण तिची सुरुवात पलटणीतच होते.

आमच्या लखनौत किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ आहे आणि संजय गांधी पीजीआय आहे. तिथे रेडिओलॉजीच्या एमडीची तयारी करणारी मुलं मेंदूच्या आणि मणक्याच्या जुन्या केसेस पुन्हापुन्हा बघतात. त्यांत एक केस ठरलेली असते. तरुण माणूस, पहिल्यांदाच फिट आलेली, आणि सीटीवर मेंदूत एक लहानसं उजळ कडं. क्षयाची गाठ, की पट्टकृमीच्या अळीची? परीक्षेत चुकलं तर गुण जातात. दवाखान्यात चुकलं तर माणूस वर्ष-दीड वर्ष क्षयाची औषधं खातो, आणि ती यकृतालाही बाधू शकतात.

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी गोऱ्या फौजेला पडला होता. हिंदुस्थानात नोकरी करून मायदेशी गेलेल्या धडधाकट सैनिकांना काही वर्षांनी फिट येऊ लागल्या. 1930च्या दशकात ब्रिटिश लष्करी डॉक्टर विल्यम मॅकआर्थर यांनी दाखवून दिलं, की यांतल्या अनेकांची फेफरं पट्टकृमीच्या अळ्यांमुळे आहेत. फौजेत राहिलेल्यांना याचं वजन वेगळं सांगायला नको. फिट आली की नोकरी गेली. आणि आजार मुळातला की नोकरीमुळे झालेला, यावर पेन्शनचा कागद हलतो.

पण पुरावा कुठून आणायचा? तेव्हा सीटी नव्हता. कवटीच्या एक्स-रेत बहुधा काही दिसत नसे. पुरावा सापडला मांडीत! याच अळ्या स्नायूंतही जाऊन बसतात, मरतात, आणि वर्षांनी त्यांच्यावर चुना साठतो. मग मांडीच्या एक्स-रेत तांदळाच्या दाण्यांसारखे लांबट ठिपके दिसतात, स्नायूच्या धाग्यांच्या दिशेनेच. 1961 साली डिक्सन आणि लिप्सकोम यांनी 450 रुग्णांचा अहवाल छापला. त्यांतले बहुतेक हिंदुस्थानात राहून आलेले सैनिक होते.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. डुकराचं कच्चं मांस खाल्लं तर पट्टकृमी आतड्यात होतो. मेंदूत अळी जाते ती माणसाच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळे, म्हणजे घाण पाणी, न धुतलेली भाजी, स्वयंपाक्याचे हात. शाकाहारी माणूस यातून सुटत नाही.

आता आपल्याकडे या. सीटी आला तेव्हा ही लहान कडी भारतात भराभर दिसू लागली, आणि देशात क्षय इतका, की बऱ्याच डॉक्टरांनी ती क्षयाचीच मानली. औषध दिलं, काही आठवड्यांनी कडं नाहीसं झालं. निदान बरोबर, असंच कुणालाही वाटणार! पण क्षयाचं औषध न देताही अशी कडी विरघळत होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चंडी, राजशेखर आणि सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्यांत पट्टकृमीची अळी निघाली. 1989 साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्यांच्या निकषांतला एक आज विद्यार्थ्यांना पाठ असतो: 20 मिलिमीटरपर्यंतचं गोल कडं अळीकडे बोट दाखवतं, त्याहून मोठं, वेडंवाकडं आणि मेंदूची मधली रेषा ढकलणारं असेल तर क्षयाचा संशय बळावतो. लखनौच्या पीजीआयमध्ये डॉ. राकेश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात एमआर स्पेक्ट्रोस्कोपीने गाठीतली रसायनंच मोजायला घेतली. क्षयाच्या गाठीत चरबीची खूण उठून दिसते.

मणक्याच्या फिल्ममध्ये मात्र क्षयाचंच राज्य. पर्सिव्हल पॉट यांनी 1779 मध्ये वर्णन केलेलं ते कुबड आजही परीक्षेत येतं. त्यावर वेगळा भाग करू.

मांडीचा तो एक्स-रेही पाठ्यपुस्तकांत टिकून आहे. मुलं ठिपके बघून ‘तांदळाचे दाणे’ म्हणतात आणि पुढच्या फिल्मकडे वळतात.