निधीच्या आधीची मांडणी

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या निधिसंकलनाकडे आपण बहुधा एका त्यागी पुरुषाची कहाणी म्हणून पाहतो. दारोदार हिंडून पै-पैसा गोळा करणारा तपस्वी, हे चित्र आपल्या मनात इतके रुजले आहे की, त्या हिंडण्यामागे गणिताचा एक प्राध्यापक होता याचा सहसा विसर पडतो. आमच्या मते कर्व्यांच्या यशाचे मर्म त्यांच्या पायपिटीत जितके आहे, तितकेच पायपिटीपूर्वी त्यांनी केलेल्या मांडणीत आहे. आणि या मांडणीचा इतिहास आम्हां शिक्षकांना अधिक उपयोगाचा आहे. कारण बालाघाटसारख्या गावी मंडळाची वा शाळेची इमारत उभारावयाची ठरली की, पहिला ठराव पावतीपुस्तके छापण्याचा होतो. इमारत कशासाठी, तीत कोण शिकणार, ती पुढे कोण चालविणार, हे प्रश्न पुस्तके संपल्यावर, आणि कधी कधी पैसा संपल्यावर, निघतात.

कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी, म्हणजे पुढे आनंदीबाई म्हणून ओळखल्या गेलेल्या विधवेशी, पुनर्विवाह केला आणि त्याच वर्षी विधवाविवाहाच्या कार्यासाठी मंडळीही स्थापिली. या कार्यास लोकमत किती प्रतिकूल आहे, याचा अनुभव त्यांना घरापासून गावापर्यंत सर्वत्र आला. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढताना त्यांनी जो विवेक केला, तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विधवेचा विवाह आणि विधवेचे शिक्षण ही दोन कार्ये त्यांनी एकमेकांपासून अलग ठेवली. पुनर्विवाहाला विरोध असणारा गृहस्थही आपल्या विधवा मुलीने दोन अक्षरे शिकावी असे म्हणू शकतो. मग त्याच्याकडे पहिल्या कार्याची झोळी घेऊन का जावे? पुढे आश्रमावर संशय येऊ नये म्हणून विवाहविषयक मंडळीच्या चिटणीसपदावरूनही ते बाजूस झाले. कोणी यास माघार म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्याने स्वतः आपल्या आयुष्यात पुनर्विवाह करून दाखविला, त्याने दात्याला मात्र त्याच्या पायरीवरूनच हाक मारली, एवढेच यातून दिसते.

दुसरी गोष्ट प्रारंभीच्या पैशाची. आश्रमासाठी त्यांनी प्रथम आपल्या शिलकेतील १००० रुपये दिले व मग दुसऱ्याकडे हात पसरला. शिवाय १९१४ पर्यंत ते फर्ग्युसन महाविद्यालयात नोकरीत असल्यामुळे त्यांच्या उदरनिर्वाहाचा भार संस्थेच्या निधीवर पडला नाही. हिंगण्याला १९०० साली आश्रम गेला तोही रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर, साध्या झोपडीवजा इमारतीत. दिवसा महाविद्यालयात शिकवावे आणि संध्याकाळी हिंगण्याची वाट चालावी, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. वर्गणी मागताना दाखवावयास काहीतरी उभे होते. कागदावरचा आराखडाच केवळ नव्हता.

अर्थात ही शिकवण कर्व्यांनी शून्यातून निर्माण केली असे नाही. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलने १८८० पासून चार वर्षे वर्ग भरवून दाखविले, तेव्हा १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय निघाले. आजीव सदस्यांनी वीस वर्षे, मासिक ७५ रुपयांवर, सेवा करावयाची हा नियम म्हणजे दात्यास दिलेली हमीच होती. त्या सोसायटीत कर्वे १८९१ पासून वावरले होते.

१९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. जपानमधील महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका त्यांना काही वर्षांपूर्वी टपालाने आली होती व ती त्यांनी बाजूस ठेवून दिली होती. भाषणाच्या तयारीत ती पुन्हा हाती लागली. १९१६ साली स्वतंत्र महिला विद्यापीठ निघाले, तेव्हा कर्वे अठ्ठावन्न वर्षांचे होते. सरकारी मान्यता नाही, देशी भाषेतून शिक्षण, विद्यार्थिनी मोजक्या. पैसा मागण्यास याहून कठीण काळ कोणता असेल? तरीही योजना, अभ्यासक्रम आणि घटना तयार होती. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी जगप्रवासात जपानचे ते विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले आणि १९२० साली १५ लाखांची देणगी देऊ केली. दात्याने परदेशी जी कल्पना पाहिली, तिचे देशी रूप चार वर्षांपूर्वीच हिंगण्यात चालू होते. हा योग खरा; परंतु तो ज्याची तयारी होती त्यालाच लाभला.

मोठ्या देणगीचे मोलही द्यावे लागले. विद्यापीठाला दात्याच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव आले आणि १९३६ साली मुख्य कार्यालय पुण्याहून मुंबईस गेले. वैधानिक दर्जा मिळावयास १९५१ साल उजाडले. देणगीने शिक्षणाचा हेतू बदलला नाही, स्थान मात्र बदलले. आणि हेतू आधी लिहून ठेवलेला नसता तर काय काय बदलले असते, हा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही.

आमच्या जवळच्या प्रदेशात याच्या उलट क्रमाचे एक उदाहरण आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मँगनीजच्या व्यवसायात संपत्ती मिळविली आणि १९३० साली सुमारे ३५ लाखांची रक्कम तंत्रशिक्षणासाठी नागपूर विद्यापीठास ठेवली. येथे पैसा प्रथम आला, संस्था मागाहून. त्यांच्या नावाची तंत्रशिक्षणसंस्था नागपुरात निघाली ती १९४२ साली. मधे बारा वर्षे गेली. हिंगण्याच्या झोपडीपासून महिला विद्यापीठापर्यंत कर्व्यांना सोळा वर्षे लागली होती, आणि त्या अवधीत विद्यार्थिनी शिकून बाहेर पडत होत्या.