परीक्षक की सहकारी? वैमानिकांच्या चाचणीचा इतिहास

बेळगावहून बागलकोटच्या रस्त्याने दहा-अकरा किलोमीटर गेले की सांबरा लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, 1942 साली, येथे विमानतळ उभा राहिला. पुढे वायुदलाची प्रशिक्षण संस्था येथे स्थिरावली. 18 डिसेंबर 1961 रोजी गोवामुक्तीच्या कारवाईत बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला चढविणारी हंटर विमाने येथूनच उडाली होती. 2017 मध्ये प्रवाशांसाठी नवी इमारत झाली. एकेकाळी सीमाभागातील कुटुंबांना नवलाईचा वाटणारा विमानप्रवास आता नित्याचा झाला आहे.

विमान अलगद उतरले की प्रवासी मनोमन वैमानिकाला शाबासकी देतो. परंतु चाकांचा धक्का हलका लागणे ही वैमानिकाची खरी कसोटी नव्हे. खरी कसोटी बंद दाराआड चालते आणि तिचे निकष ठरविण्यास विमानविद्येला पाऊणशे वर्षे लागली. हा इतिहास रक्तलांच्छित आहे. त्यातील एक प्रकरण आपल्याच राज्याच्या राजधानीत घडले.

आरंभीच्या काळी वैमानिकाची परीक्षा म्हणजे त्याच्या हाताची आणि नजरेची परीक्षा होती. एक इंजिन बंद पडले तर विमान सरळ राखता येते काय, ढगांत केवळ उपकरणे पाहून उतरता येते काय, एवढेच पाहिले जाई. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाशी तो कसा बोलतो, त्याचे ऐकतो की नाही, याची नोंद घेण्याचे कारण कोणास वाटत नव्हते. कप्तानाचा शब्द अखेरचा, ही जहाजावरची परंपरा विमानात जशीच्या तशी आली होती.

27 मार्च 1977 रोजी तेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली आणि 583 माणसे दगावली. डच विमानाचे कप्तान फान झांटेन हे त्यांच्या कंपनीचे नामांकित प्रशिक्षक होते. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची जंबो विमानावरील पात्रता-चाचणी त्यांनीच सुमारे दोन महिन्यांपूर्वी घेतली होती. परवानगी नसताना कप्तानांनी विमान दौडविले. समोरचे विमान धावपट्टीवरून दूर झाले आहे ना, अशी शंका फ्लाइट इंजिनियरने काढली. कप्तानांनी ती उडवून लावली. ज्याने आपल्याला उत्तीर्ण केले, त्याला ‘थांबा’ म्हणणे किती कठीण, हे यावरून उमगावे.

पुढच्याच वर्षी, 28 डिसेंबर 1978 रोजी, अमेरिकेत पोर्टलंडजवळ चाकांच्या बिघाडात गुंतलेल्या कप्तानाचे इंधनाकडे लक्ष राहिले नाही. सहकाऱ्यांनी ते सुचविले, पण ठामपणे बजावले नाही. विमान कोसळून दहाजण मृत्युमुखी पडले. या घटनांच्या पार्श्वभूमीवर 1979 साली नासाने एक परिषद बोलाविली आणि 1981 पासून युनायटेड एअरलाइन्सने सांघिक कार्याचे शिक्षण सुरू केले. ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ म्हणून आज ओळखली जाते ती हीच विद्या.

तिचे फळ 19 जुलै 1989 रोजी दिसले. युनायटेडच्या डीसी-10 विमानाचे मधले इंजिन फुटले आणि विमान वळविणारी सर्व हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली. योगायोगाने डेनी फिच नावाचे एक चेक पायलट प्रवासी म्हणून मागे बसले होते. त्यांनी मदतीस येण्याची तयारी दाखविली. कप्तान हेन्स यांनी मानापमानाचा विचार न करता दोन्ही थ्रॉटल त्यांच्या हाती सोपविले. केवळ इंजिनांचा जोर कमी-अधिक करून विमान स्यू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले गेले. 296 पैकी 112 जीव गेले, परंतु 184 वाचले. येथे परीक्षक निव्वळ सहकारी झाला होता.

यानंतर सातच महिन्यांनी, 14 फेब्रुवारी 1990 रोजी, मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान बेंगळूरला उतरत होते. एअरबस ए-320 हे संगणकाधिष्ठित विमान तेव्हा आपल्याकडे अगदी नवे होते. ते उड्डाण नेहमीचे प्रवासी उड्डाण असले तरी चाचणीचेही होते. डाव्या आसनावर परीक्षार्थी कॅप्टन फर्नांडिस आणि उजव्या आसनावर परीक्षक कॅप्टन गोपुजकर बसले होते. दोघांच्याही गाठीस हजारो तासांचा अनुभव होता; या नव्या विमानाचा मात्र थोडकाच. विमान अशा अवस्थेत गेले की इंजिने मंद राहिली आणि वेग घटत चालला. फ्लाइट डायरेक्टर नावाचे मार्गदर्शक उपकरण एका बाजूचे बंद झाले, दुसऱ्या बाजूचे चालूच राहिले. त्यामुळे वेग राखण्याचे काम यंत्राने आपल्याकडे घेतले नाही. उंची घटत असल्याच्या सूचना येत होत्या. जोर वाढविला गेला तेव्हा उशीर झाला होता. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. 146 पैकी 92 जणांचा अंत झाला. चौकशी न्यायमूर्ती शिवशंकर भट यांनी केली.

दोन जाणते कप्तान शेजारी असताना वेगाकडे लक्ष कोणाचे? चाचणीच्या उड्डाणात परीक्षार्थी समजतो की, काही चुकले तर परीक्षक सांगेलच. परीक्षक समजतो की, याला स्वतः सावरू द्यावे, तीच तर परीक्षा आहे. त्या दोघांच्या मनात हेच होते असे म्हणण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु दुहेरी भूमिकेत ही फट असतेच, आणि जमीन जवळ आली की ती जीवघेणी ठरते.

सरकारी सेवेत आयुष्य घालविलेल्यांना हा पेच अपरिचित नाही. तपासणी अधिकारी कचेरीत आला की कारकुनापासून शिरस्तेदारापर्यंत सारे त्याच्या चेहऱ्याकडे पाहतात. त्याने जुने परिपत्रक नवे समजून वाचले, तरी कोणी चकार शब्द काढीत नाही. गोपनीय अहवालाची लेखणी त्याच्याच हाती असते. कचेरीत त्यामुळे फार तर एक फाइल चुकते.

पुढे चाचणीचे निकष बदलले. युरोपात सहकार्य, नेतृत्व, परिस्थितीचे भान आणि निर्णय अशा चार अंगांनी वैमानिकाचे वर्तन पारखण्याची पद्धत तयार झाली. टेक्सास विद्यापीठाच्या रॉबर्ट हेल्मरिक यांच्या संशोधनातून निरीक्षणाची वेगळी रीत निघाली. तीत निरीक्षक मागच्या आसनावर बसतो, चुका टिपतो, परंतु कोणाचेही नाव नोंदवीत नाही व कोणास शिक्षा होत नाही. माणूस परीक्षेच्या दिवशी कसा वागतो यापेक्षा रोज कसा वागतो, हे तिला पाहायचे असते.

तरीही 22 मे 2010 रोजी मंगळूरला तेच घडले. एअर इंडिया एक्स्प्रेसचे कप्तान बराच वेळ झोपून उठले होते. विमान फार उंचावरून येत होते. सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्यास तीनदा सांगितले. कप्तानांनी ऐकले नाही आणि सहवैमानिकाने सूत्रे हाती घेतली नाहीत. 166 पैकी 158 जण मृत्युमुखी पडले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीने हा सारा क्रम उजेडात आणला. सांगण्याचे धैर्य होते. ऐकण्याची सवय नव्हती.

म्हणून चाचणीचा खरा प्रश्न ‘हा विमान कसे चालवितो’ एवढाच उरत नाही. ‘हा दुसऱ्याचे कसे ऐकतो’ आणि ‘दुसरा गप्प राहिला तर याला त्याची जाणीव होते काय’, हेही त्यात आले. हे परीक्षकालाही लागू आहे, किंबहुना त्यालाच अधिक. कारण त्याच्यापुढे बोलणे सर्वांत अवघड असते. ज्येष्ठांचा मान राखणे हा आपल्या घराण्यांचा जुना संस्कार आहे आणि तो चांगलाच आहे. परंतु वाकलेल्या मानेला समोरचा डोंगर दिसत नाही. धाकट्याने वेळीच ‘थांबा’ म्हणावे आणि थोरल्याने थांबावे, यात कोणाचाही मान जात नाही. उलट मागे बसलेल्या शेकडो अनोळखी माणसांचे प्राण वाचतात.