एमसीव्ही : तांबड्या पेशीच्या आकाराची गोष्ट

"डॉक्टर, हिमोग्लोबिन साडेआठ आलंय. लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात." सीबीसीचा रिपोर्ट घेऊन येणारे बरेच रुग्ण खुर्चीत बसता बसताच हे सांगतात. त्याखालचे आकडे सहसा कुणी वाचत नाही. रक्त किती कमी आहे ते हिमोग्लोबिन सांगते. ते का कमी आहे याचा पहिला धागा मात्र एमसीव्ही नावाच्या आकड्यात असतो. एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान. मोठ्या माणसांत ते साधारण ८० ते १०० फेम्टोलिटर असते.

हा आकडा मॅक्सवेल विन्ट्रोब या तरुण डॉक्टरने रुळवला. १९२९ मध्ये, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला असताना, त्याने खुणा केलेली एक अरुंद काचनळी वापरात आणली. नळीत रक्त भरून ती यंत्रात वेगाने फिरवली की तांबड्या पेशी तळाशी दाबून बसतात. तो थर शंभरात किती भरतो, ते म्हणजे हिमॅटोक्रिट. तुमच्या रिपोर्टवर कदाचित पीसीव्ही असे लिहिलेले असेल. आता साधा भागाकार करा. हिमॅटोक्रिट ३० आणि एका मायक्रोलिटरमध्ये पेशी २५ लाख असतील, तर एमसीव्ही येतो १२०. हिमॅटोक्रिट तोच ३०, पण पेशी ४३ लाख, तर एमसीव्ही जेमतेम ७०. दोघांचे रक्त सारखेच कमी, पण पहिल्याच्या पेशी थोड्या आणि फुगलेल्या, दुसऱ्याच्या पुष्कळ आणि बारक्या. आजार वेगळे, औषधही वेगळे.

याचा धडा त्याच सुमारास आपल्या मुंबईत मिळत होता. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली, ती गरोदर बायकांच्या जीवघेण्या पंडुरोगाचा अभ्यास करायला. रुग्णांत गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या तांबड्या पेशी मोठ्या दिसत. अशाच मोठ्या पेशींच्या दुसऱ्या एका पंडुरोगावर यकृत खायला देण्याचा उपाय १९२६ मध्ये सापडला होता. पण त्या रोगावर चालणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क मुंबईच्या या बायकांना लागू पडेना. म्हणजे इथे काहीतरी वेगळेच कमी होते. विल्सने आहारावर लक्ष केंद्रित केले, माकडांवर प्रयोग केले, आणि शेवटी गुण आला तो यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त, खारट चाटणाने! १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केले. त्यातला घटक दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड म्हणू लागले. गरोदरपणात मिळणारी ती गोळी हीच.

मी एमबीबीएस करताना पेशी डोळ्यांनीच मोजत असू. पिपेटने तोंडाने रक्त ओढायचे (आज कुणी असे केले तर मी ओरडेन), काचेच्या चौकटीत ठिपके मोजायचे. दोघांनी मोजले तर दोन उत्तरे! त्यामुळे तेव्हाच्या एमसीव्हीवर फार भरवसा ठेवता येत नसे. खरे तर वॉलेस कोल्टर या अमेरिकन तंत्रज्ञाला त्याच्या यंत्राचे पेटंट १९५३ सालीच मिळाले होते. बारीक छिद्रातून वीज वाहत असते, पेशी त्यातून गेली की प्रवाहाला क्षणभर अडथळा होतो. जेवढी पेशी मोठी तेवढा अडथळा मोठा. आजची बरीच यंत्रे याच तत्त्वावर एमसीव्ही थेट मोजतात.

एमसीव्ही ८० च्या खाली असेल तर बहुधा लोह कमी असते. पण तांबड्या पेशींची संख्या भरपूर असूनही एमसीव्ही फारच कमी असेल, तर थॅलेसेमिया मायनरची तपासणी आधी करावी. नुसत्या त्याला लोहाचा उपयोग नाही. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर लहान-मोठ्या पेशींची सरासरी चक्क नॉर्मल दिसते. तेव्हा शेजारचा आरडीडब्ल्यू वाढलेला असतो, तो पाहावा.

आणि एमसीव्ही १०० च्या वर असेल तर? १९४५ नंतर फॉलिक अ‍ॅसिड कारखान्यात बनू लागले, तेव्हा त्या दुसऱ्या पंडुरोगाच्या रुग्णांनाही ते दिले गेले. रक्त सुधारले, पण काहींचे पाय बधिर होत गेले, चाल अडखळू लागली. त्यांना कमी होते ते बी-१२, आणि ते १९४८ मध्ये हाती आले. म्हणून मोठ्या पेशी दिसल्या की दारू आणि थायरॉइडची चौकशी मी करतोच, पण फॉलिक अ‍ॅसिडची चिठ्ठी लिहिण्याआधी बी-१२ तपासायला पाठवतो, आणि तळपायांना मुंग्या येतात का, हेही विचारतो.