फुप्फुसी उच्च रक्तदाब आणि व्यायाम-प्रशिक्षण
हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या रोहिणीतील सरासरी दाब विश्रांतीच्या वेळी पाऱ्याच्या २० मिमी.पेक्षा अधिक असल्यास त्या विकाराला ‘फुप्फुसी उच्च रक्तदाब’ म्हणतात. या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाच्या उजव्या जवनिकेवर ताण पडतो; थोड्याशा श्रमानेही धाप, थकवा व भोवळ येते.

श्रमाने उजवे हृदय निकामी होईल वा मृत्यू ओढवेल, या भीतीने अशा रुग्णांना पूर्वी व्यायाम वर्ज्य सांगत. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ३० रुग्णांवर झालेल्या चाचणीने (२००६) ही समजूत बदलली. प्रशिक्षित गटाने पहिले ३ आठवडे रुग्णालयात आणि पुढील १२ आठवडे घरी व्यायाम केला. सहा मिनिटांत चालून जाण्याचे त्यांचे अंतर सरासरी ९६ मी.ने वाढले, नियंत्रण गटाचे मात्र १५ मी.ने घटले.

प्रशिक्षणात स्थिर सायकल, चालणे, हलकी वजने आणि श्वसनाचे व्यायाम असतात. त्यामुळे कंकाल व श्वसन स्नायू बळावतात, ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता आणि जीवनाची गुणवत्ता सुधारते. फुप्फुसी दाबात होणारी घट मात्र तुलनेने अल्प असते.

व्यायाम औषधांना पर्याय नव्हे. औषधोपचाराने प्रकृती स्थिरावल्यावरच तो तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, नाडी व रक्तातील ऑक्सिजन तपासत करावा. भोवळ किंवा छातीत दुखणे जाणवताच थांबावे. यूरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत (२०२२) या विकाराच्या ‘फुप्फुसी रोहिणीचा उच्च रक्तदाब’ या प्रकारासाठी अशा प्रशिक्षणाची शिफारस आहे.